आधी मीठ उतरवा, चकाकी मागाहून: मासळी वाहणाऱ्या बाईक-स्कूटरची धुलाई आणि निगा



१ जूनपासून मासेमारी बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस. त्याआधी आपण होडी वर ओढतो, इंजिन उतरवतो, जाळी सुकवून ठेवतो. आउटबोर्ड गोड्या पाण्याने फ्लश केल्याशिवाय कोणी झाकून ठेवत नाही. ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच होडीची मासळी वर्षभर ज्या गाडीने पेडण्याला, म्हापशाला, डिचोलीला पोचवली, ती गाडी मात्र तशीच माडाखाली उभी असते. म्हणून आज होडीबद्दल नाही, गाडीबद्दल लिहितो.

केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात घरटी एक तरी दुचाकी आहे. पहाटे धक्क्यावर जायला तीच, क्रेट बांधून बाजाराला तीच, मुलांना शाळेत सोडायलाही तीच. ही गाडी धुताना आपण काय बघतो? टाकी चमकली का, सीट पुसली का. खरं काम तिथे नसतं. ते खाली असतं: मागचा ब्रेक, चेन, चिमटा, स्टँड, मडगार्डची आतली बाजू. मीठ तिथे बसतं. आणि ब्रेक कधी दगा देतो? रिकाम्या गाडीवर नाही, मागे दोन भरलेले क्रेट असताना उतारावर.

मीठ नेमकं काय करतं

समुद्राचं एक लिटर पाणी सुकलं की मागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ उरतं. म्हणजे दोन मोठे चमचे. क्रेटमधून ठिबकणारं पाणी बर्फामुळे तेवढं खारट नसेल, पण ते रोज ठिबकतं, आणि ठिबकतं एकाच जागी. त्यात मासळीचं रक्त, खवले आणि चिकटा असतो. तो मीठ धरून ठेवतो.

आषाढात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी कशी पाझरते ते घरच्या बायकांना विचारा. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून कमी दमटपणातही ओल धरतात. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा कायम दमट. त्यामुळे गाडी शेडमध्ये कोरडी उभी दिसली तरी मीठ बसलेल्या जागी ओल असतेच. गाडी वापरली नाही म्हणून गंज थांबत नाही, रात्रीसुद्धा तो चालू असतो.

दुसरी गोष्ट. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेलं असेल आणि मधे खारं पाणी असेल, तर त्यातलं ॲल्युमिनियम लवकर खाल्लं जातं. म्हणूनच आपण आउटबोर्डला झिंकचा तुकडा लावतो. तो झिजतो आणि इंजिन वाचतं. बाईकला असा तुकडा नसतो. इंजिनाच्या केसिंगमधले लोखंडी बोल्ट अडकून बसतात आणि सोडवताना तुटतात, त्याचं कारण हेच.

डिचोली, साखळीकडे मासळी घेऊन जाणाऱ्यांच्या गाडीवर आणखी एक थर चढतो, तांबड्या मातीचा आणि खनिजाच्या धुळीचा. ही धूळ बारीक आणि कडक असते. चेनच्या तेलात मिसळली की ती कानशीसारखी घासते. किनाऱ्याचं मीठ आणि तिकडची धूळ असा दोन्हींचा लेप जिच्यावर बसतो, ती चेन किती दिवस टिकणार?

रोज दोन तांबे, आठवड्याला दोन बादल्या

मासळी उतरवून घरी आलात की गाडी थोडी निवू द्या आणि मागच्या भागावर दोन-तीन तांबे गोडं पाणी ओता. क्रेटच्या खालचा कॅरिअर, मागचा मडगार्ड, शॉकअब्सॉर्बर, चिमटा, स्टँड. साबण नको, घासायला नको. मीठ पाण्यात विरघळतं, त्याला साबण लागतच नाही. हे पाच मिनिटांचं काम रोज झालं तर आठवड्याची धुलाई निम्मी सोपी होते.

पाणी मात्र खरंच गोडं हवं. मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ होतं. जिभेला खारट लागलं तर ते गाडीला नको. शापोरा नदीचं चोपड्याकडचं किंवा तेरेखोल नदीचं केरीकडचं पाणी भरतीला खारंच असतं. तिथे गाडी उतरवून धुणं म्हणजे मिठावर मीठ. शिवाय गाडीचं तेल आणि ग्रीस त्याच पाण्यात जातं, जिथून आपण तिसऱ्या आणि कालवं काढतो. नळाचं पाणी उन्हाळ्यात आपल्याकडे कमी येतं हे ठाऊक आहे. पण पाइप सोडून न ठेवता बादली-तांब्याने धुतलं तर दोन-तीन बादल्यांत छोटी बाईक नीट धुऊन होते.

आठवड्याची धुलाई, क्रमाने

१. इंजिन थंड होऊ द्या. बाजारातून आल्यावर निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनावर आणि सायलेन्सरवर एकदम थंड पाणी मारलं तर धातू आकसतो, रंग आणि क्रोम उडतो, वाफेने हात भाजतो तो वेगळाच. लहान मुलांना लांब ठेवा. सायलेन्सरने पाय भाजला तर टूथपेस्ट, हळद लावत बसू नका. १५-२० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि फोड मोठा असेल तर डॉक्टरकडे जा.

२. गाडी सपाट, कडक जमिनीवर मेन स्टँडला लावा. वाळूत किंवा ओल्या मातीत स्टँड रुततो आणि गाडी अंगावर येते. चावी काढून खिशात ठेवा.

३. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा. रंगीत बांधा, म्हणजे सुरू करण्याआधी काढायची आठवण राहील.

४. आधी नुसतं पाणी, वरून खाली. पाच मिनिटं माती भिजू द्या. सुक्या धुळीवर फडकं फिरवलं तर टाकीवर रेघा उठतात, तांबड्या धुळीने तर हमखास.

५. मग गाडीचा शाम्पू पाण्यात मिसळून मऊ फडक्याने धुवा. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, तारेची घासणी वापरू नका. पावडरीतला सोडा ॲल्युमिनियमला काळं करतो, तारेने वरचा मुलामा निघतो आणि गंजाला वाट मिळते. खालच्या भागाला वेगळं फडकं ठेवा.

६. आता खाली बसा. मडगार्डच्या आत हात घाला, स्पोकच्या मुळाशी, इंजिनाच्या पात्यांमध्ये, स्टँडच्या स्प्रिंगजवळ, नंबर प्लेटच्या मागे जुना ब्रश फिरवा. धुलाईचा अर्धा वेळ इथे गेला पाहिजे.

७. दोनदा स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या. फडक्याने पुसा. सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या.

चावीचं भोक, हँडलवरचे स्विच, हॉर्न आणि एअर फिल्टरच्या तोंडावर थेट धार मारू नका. स्कूटर असेल तर डाव्या बाजूच्या बेल्टच्या डब्यात हवा जायची वाट असते, तिथेही नको. आत पाणी गेलं तर बेल्ट घसरतो आणि गाडी उचलत नाही.

सर्व्हिसिंगवाल्याकडे प्रेशर पंपाने धुऊन घेत असाल तर एवढंच सांगा: धार चाकाच्या मधोमध, हँडलच्या कोनसेटवर आणि चिमट्याच्या सांध्यावर जवळून मारू नको. त्या ठिकाणी आत ग्रीस असतं आणि बाहेर रबराचं सील. सील पावसाचं पाणी अडवतं, जवळून मारलेली पंपाची धार नाही. ग्रीस धुऊन जातं आणि दोन महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं.

धुतल्यावर ब्रेक, मगच रस्ता

हा भाग नीट वाचा.

धुतलेल्या गाडीचा ब्रेक ओला असतो. ड्रममध्ये पाणी शिरलं असेल तर पहिल्या एक-दोन दाबांना पकड येत नाही. म्हणून अंगणातच, चालण्याच्या वेगाने, पुढचा आणि मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पकड परत आली की मगच गेटबाहेर.

मग मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक दाबून सोडला की चाक पुन्हा मोकळं फिरलं पाहिजे. सोडल्यावरही घासत असेल, किंवा पेडल सावकाश वर येत असेल, तर ड्रमच्या आतला ब्रेकचा खुंटा मिठाने जाम होत आहे. आपल्याकडच्या गाड्यांना हा रोग फार आहे, कारण क्रेटचं पाणी नेमकं तिथेच पडतं. वरून तेल सोडून भागत नाही, ते तेल शूवर गेलं तर ब्रेकच लागणार नाही. ड्रम उघडून, खुंटा साफ करून, अगदी थोडं ग्रीस लावावं लागतं. हे काम मेकॅनिकचं आहे आणि छोटंच आहे.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसच्या बाईकमध्ये मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो, स्कूटरला डाव्या लिव्हरने तसंच होतं. सोय चांगली आहे, पण जोडणीच्या केबली आणि सांधे वाढले. तेही तपासून घ्या.

ब्रेकची केबल लिव्हरजवळ वाकवून बघा. एक तार जरी तुटलेली दिसली तरी केबल बदला. डिस्क ब्रेक असेल तर त्याचं तेल हवेतली ओल शोषतं, साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आणि डिस्कवर, ड्रमवर, टायरवर पॉलिश, ऑइल, गंजाचा स्प्रे काहीही नको.

चेनला हात लावताना इंजिन बंद

चेन साफ करताना गाडी स्टँडवर लावून, गिअर टाकून, इंजिन चालू ठेवणारे लोक आहेत. चेन आपोआप फिरते, काम पटकन होतं. पण फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि फडक्याबरोबर बोटं जातात. जाळं ओढणाऱ्या माणसाची बोटं गेली तर त्याच्या हातात काय राहिलं? इंजिन बंद, चावी खिशात, गाडी न्यूट्रल, चाक हाताने फिरवायचं. घरात हाच नियम ठेवा, मुलग्यांनाही तोच शिकवा.

ब्रशला घासलेट लावून चेन घासा, फडक्याने पुसा, सुकू द्या. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या बिडीने किंवा चुलीनेही पेटते. सुकल्यावर ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे आतल्या बाजूने लावा, थोडा वेळ थांबा आणि जास्तीचं पुसून टाका. जळकं इंजिन ऑइल लावू नका, त्यात आधीच धातूचा कीस असतो. पूर्ण चेन कव्हर असलेल्या गाडीत चेन दिसत नाही, म्हणून ती विसरली जाते. कव्हरवर रबराचं बूच असतं, ते काढून बघा.

चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. छोट्या गाड्यांत बहुधा दोन ते तीन सेंटीमीटर ढील असते, आपल्या गाडीचा आकडा कंपनीच्या पुस्तकात बघा. फार सैल चेन उतरते, फार ताणलेली तुटते, आणि चाक जाम झालं तर गाडी आडवीच जाते.

क्रेटचा स्टँड बसवताना पुष्कळ जण साडी गार्ड काढून टाकतात. तो कायद्याने लागतो, आणि आपल्या घरातल्या बायका याच गाडीवर मागे बसून बाजाराला जातात. पदर चाकात गेला तर माणूस वाचत नाही. गार्ड परत बसवा.

क्रेट, वजन आणि ठिबकणारं पाणी

बहुतेक १०० सीसी गाड्यांची वजन वाहण्याची मर्यादा, चालवणारा धरून, १३० किलोच्या आसपास असते. तुम्ही ७० किलोचे असाल तर मागे उरले ६०. बर्फ घातलेले दोन क्रेट एकदा काट्यावर ठेवून बघा, किती भरतात ते कळेल. वजन जास्त झालं की ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि हँडल हलकं होतं. मालासह चालायचं असेल तेव्हा मागच्या टायरची हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, दोन माणसांसाठी दिलेल्या आकड्याइतकी ठेवा.

क्रेटखाली उभ्या काठाचा ट्रे किंवा जाड प्लास्टिक घाला, पाणी त्यातच साठू दे. यात गाडी तर वाचतेच, पण दुसरं कारण मोठं आहे. मासळीचं पाणी रस्त्यावर पडलं की तो भाग बुळबुळीत होतो. वळणावर मागून येणारा दुचाकीवाला त्यावरून घसरतो, आणि तो आपल्यातलाच कोणीतरी असू शकतो. स्वतःच्या मागच्या टायरवर पडलं तर आपणच.

डिझेल मारून घ्यायचं का?

पावसाळ्याआधी गाडीच्या खाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून घ्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. थोडे दिवस गंज थांबतो हे खरं. पण त्यावर धूळ चिकटते, रबरी बुश आणि सील फुगतात, आणि फवारा ब्रेकवर किंवा टायरवर गेला तर जीवाशी खेळ. आधी मीठ न धुता मारलं तर मीठ तेलाखाली कोंडलं जातं आणि आतून खात राहतं. त्यापेक्षा धुऊन, पूर्ण सुकवून, चाकं आणि ब्रेक झाकून, गंजरोधक स्प्रे फक्त फ्रेम, स्टँड आणि नटबोल्टवर मारा.

बंदीत गाडी उभी ठेवायची असेल तर

• मिरगाच्या आधी, ऊन आहे तोवर, नीट धुऊन दिवसभर सुकवा. चेनला तेल द्या.

• लोखंडी टाकी अर्धी ठेवली तर रिकाम्या जागेतली दमट हवा आतून गंज धरवते. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. म्हणून टाकी भरून ठेवा आणि झाकणाचं रबर तपासा.

• आठवड्यातून एकदा उघडीप बघून पाच-सहा किलोमीटर चालवा. नुसती जागेवर फुर्र करून बंद केली तर इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. चालवल्याने ब्रेकचे शूही ड्रमला चिकटत नाहीत.

• बंद खोलीत किंवा दार लावलेल्या शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो.

• अजिबात चालवणार नसाल तर बॅटरीची वायर काढा, आधी वजा, मग अधिक. टोकांना व्हॅसलीन लावा.

• ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत ओल कोंडते. जुनी चादर घाला, वर पत्रा असू दे. ओली जाळी आणि मिठाची पोती गाडीजवळ नकोत.

आणि गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली, लाटेत सापडली, तर ती सुरू करून बघू नका. लगेच भरपूर गोडं पाणी मारा आणि ढकलत मेकॅनिककडे न्या. तसं गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदीच आहे, तेव्हा वाळूत उतरवूच नका.

रविवारी दहा मिनिटं

१. दोन्ही ब्रेक दाबून सोडा, चाक मोकळं फिरतं का.
२. ब्रेकच्या केबली, लिव्हरजवळ.
३. चेनची ढील आणि तेल.
४. टायरची हवा, आणि खाचा झिजल्या का.
५. हेडलाइट, मागचा लाल दिवा, ब्रेकचा दिवा. पहाटे चार वाजता मागून येणाऱ्या टेम्पोला आपला तेवढाच दिसतो. क्रेटने तो झाकला जात नाही ना, ते गाडी भरल्यावर बघा.
६. साइड स्टँडची स्प्रिंग. गंजून सैल झाली तर स्टँड चालत्या गाडीत खाली येतो.
७. कॅरिअरचे वेल्डिंग आणि नटबोल्ट. गंजाची तांबडी रेघ दिसली तर तिथे चीर असू शकते.

यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तर त्या दिवशी माल लादू नका. मासळी दुसऱ्याच्या गाडीने पाठवता येते, शेजारी नाही म्हणणार नाही.

बंदी लागायला थोडेच दिवस आहेत. होडीचं इंजिन ज्या दिवशी फ्लश कराल, त्याच दिवशी त्याच पिंपातलं उरलेलं गोडं पाणी गाडीच्या मागच्या चाकावर ओता. वेगळा दिवस काढायला गेलं की ते राहून जातं. कोणाला ब्रेकबद्दल किंवा चेनबद्दल शंका असेल तर सकाळी सोसायटीच्या ऑफिसात गाडी घेऊनच या, एकत्र बघू.

— सचिव